मायन्यापाशी अडलेलं पत्र

पत्र चार ओळींचं होतं. त्यातल्या तीन मला तोंडपाठ होत्या. अडलो तो पहिल्या ओळीपाशी, म्हणजे मायन्यापाशी. आणि असा अडलो की त्यापायी आमच्या इमारतीत दोन तट पडले, माझ्या नावावर एक सरकारी तक्रार नोंदली गेली आणि देशाच्या पाणी धोरणावर अग्रलेख लिहिले गेले. मी एकोणतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्याचं काम केलं. तेव्हा कधी माझ्यामुळे कुणाला अग्रलेख लिहावा लागला नव्हता.

पत्र जायचं होतं देशाच्या अध्यक्षांना. आणि मजकूर एवढाच होता, की आमची ही गेली.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात हिने मला दोन कामं सांगितली. एक, गॅलरीतल्या कुंड्या वाळू द्यायच्या नाहीत. दुसरं म्हणजे, "धांदलीला तुम्ही कळवा. स्वतः कळवा. पेपरात वाचून कळलं तर तिला फार लागेल."

धांदल म्हणजे अध्यक्ष. आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल औषधाच्या गुंगीत बोलली असेल.

पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, एका खोलीत, एक तरुण वकीलबाई भाड्याने राहायच्या. कोर्टाची वेळ झाली की त्या तीन-तीन पायऱ्या गाळत खाली यायच्या. काखेत फाइल, एक चप्पल पायात, एक हातात, आणि काळ्या कोटाचं एक तरी बटण लोंबकळत. आमची ही दारापाशी शिवणयंत्र घेऊन बसलेली असायची. ती यंत्रावरून मान न उचलता ओरडायची, "थांब गं ए धांदल!" मग वकीलबाई जिन्यातच उभ्या राहायच्या, ही सुईदोरा घेऊन पुढे व्हायची, बटण लावायची आणि दोरा दाताने तोडायची. तेवढ्या वेळात दोघींच्या जगभराच्या गप्पा होऊन जायच्या. कोर्टातला न्यायाधीश कसा वागतो, हे हिने आयुष्यात कोर्टाची पायरी न चढता मला सांगितलेलं आहे.

पुढे त्या बाई नामांकित वकील झाल्या, निवडून आल्या, मंत्री झाल्या, अध्यक्ष झाल्या. त्या घर सोडून गेल्या, पदं बदलली, पण हिच्या लेखी त्या धांदलच राहिल्या. टीव्हीवर अध्यक्षांचं भाषण चालू असलं की ही म्हणायची, "धांदल दमलेली दिसतेय. कॉलर बघा कशी बसलीय." दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला ही एक पान पत्र लिहायची. त्यात कौतुक कमी आणि सूचना जास्त. आणि दरवर्षी, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, उत्तर यायचं.

माझा आणि वकीलबाईंचा संबंध यापेक्षा पुष्कळ अधिकृत होता. रोज सकाळी मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून वर बघून विचारायचो, "वकीलबाई, पाणी आलं का?" वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढणं हा माझ्या खात्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्या वरून सांगायच्या, "आलंय, पण धार करंगळीएवढी!" की संपलं. त्या राहिल्या त्या तीन वर्षांत आम्ही दुसरं वाक्य बोललो असू असं मला आठवत नाही.

आणि आता मला त्यांना हे कळवायचं होतं. वाढदिवस पाच आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी हिचं पत्र गेलं नाही, तर त्या वाट बघतील, मग कुणाला तरी चौकशी करायला सांगतील, आणि तो कुणीतरी तिसरा माणूस त्यांना फाइलमध्ये घालून उत्तर देईल. हिने नेमकं तेच नको म्हणून सांगितलं होतं.

मी पॅड घेऊन बसलो. "धांदल" असं लिहिलं आणि खोडलं. ती हाक हिची होती. "वकीलबाई" लिहिलं. देशाच्या प्रमुखाला कुणी वकीलबाई म्हणतं का? "माननीय" लिहिलं. जिन्यात चप्पल शोधणारी ती मुलगी माननीय होईना. अशी आठ पानं फाटली. पॅड हिचं होतं, गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवायचं. मागच्या पानांवर "छाती, खांदा, बाही" असं तिच्या अक्षरात होतं. ती पानं मी फाडली नाहीत.

नवव्या पानाला मी हात टेकले आणि तळमजल्यावर जावकांकडे गेलो.

जावकांचं खरं नाव त्यांच्या दारावर आहे, पण ते इमारतीत कुणी वाचलेलं नाही. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या जावक विभागात गेली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा आणि नोंदवहीत क्रमांक टाकायचा. मुलगी सासरी गेली तेव्हासुद्धा त्यांनी तारीख लिहून ठेवली होती, असं लोक म्हणतात. ते म्हणाले, "अध्यक्षांना पत्र? असं गबाळं पॅड घेऊन? बसा. आधी पदनाम, मग विषय, मग संदर्भ. भावना शेवटी, जागा उरली तर."

"मला फक्त मायना हवाय."

"मायना म्हणजेच पत्र हो! मायना चुकला की कागद चुकीच्या टेबलावर जातो. तिथून परत यायला त्याचा जन्म जातो."

तेवढ्यात जावकांच्या समोरच्या काकू डोकावल्या. त्यांना जिन्यात सगळं ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "ताई म्हणा. बायकांना ताई म्हटलेलं आवडतं."

"काकू, त्या राष्ट्राच्या अध्यक्ष आहेत," जावक म्हणाले.

"मग काय झालं? राष्ट्राला भाऊबहीण नसतात का?"

दोन दिवसांत इमारतीत 'महामहीम' आणि 'माननीय' असे दोन तट पडले. पहिल्या मजल्याचं म्हणणं, महामहीम म्हटलं की समोरचा माणूस आपोआप उभा राहतो. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, समोरचा माणूस उभा राहून काय करायचाय, त्याने बसून वाचायला हवं. मधल्या काळात कुणी मला विचारलंही नाही की पत्र कशाबद्दल आहे. मीही सांगितलं नाही. मायन्यावर वाद घालताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. घरात आवाज होता.

शेवटी जावकांनी निकाल दिला आणि पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं:

"परमादरणीय अध्यक्ष महोदया यांचे सेवेशी. विषय: अर्जदाराची पत्नी निधन पावल्याबाबत. संदर्भ: निरंक. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची पत्नी दिनांक बावीस रोजी निधन पावली असून सदर बाब आपल्या माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर. सोबत: मृत्यूदाखल्याची साक्षांकित प्रत."

मी ते दोनदा वाचलं. विचारलं, "यात ही कुठे आहे?"

"विषयात आहे की," जावक म्हणाले.

त्यांचा जीव होता हो माझ्यावर. त्यांनी तीन प्रती काढल्या, एक स्वतःच्या नोंदवहीत लावली, पत्र पोस्टात टाकायला स्वतः चालत गेले. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

बाराव्या दिवशी अध्यक्षांच्या कार्यालयातून कार्ड आलं. कार्डावर छापलेलं होतं: "आपली तक्रार प्राप्त झाली आहे. विभाग: नागरी सुविधा. उपविभाग: इतर. आपल्या तक्रारीचे निवारण लवकरच करण्यात येईल."

माणसाचा अपमान झाला तर तो चिडतो. पण इथे कुणी अपमान केला नव्हता. उलट, निवारण करतो म्हणत होते. एक क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला असं वाटून गेलं की करतील का?

चार दिवसांनी निवारण करायला माणूस आला. तरुण होता, बिचारा चार मजले चढून घामाघूम झालेला. मी लिंबाचं सरबत दिलं. त्याने फॉर्म काढला.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"कोणाविरुद्ध नाही."

"काका, रकाना रिकामा सोडता येत नाही."

"मग काय लिहायचं?"

त्याने विचार केला. "साधारण कुणामुळे झालं?"

"हृदयामुळे."

"'हृदय' लिहू?" असं म्हणून तो खाली लिहायला लागला आणि मधेच थांबला. त्याने पहिल्यांदाच विषयाची ओळ नीट वाचली होती. पेन खाली ठेवलं. "काका, सॉरी. मला वाटलं लिफ्टची तक्रार आहे. या इमारतीतून बहुतेक लिफ्टच्याच येतात." मग तो सरबत संपवून उठला, आणि दारात वळून म्हणाला, "हे असं माझ्या अधिकारात नाहीये हो." तसं मला आजवर इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सगळे 'वेळ हेच औषध' वगैरे सांगून गेले होते. फॉर्म मात्र तो विसरला. नंतर कळलं, विसरला नव्हता. तो भरून पाठवायचा असतो.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. ती दूर राहते, दर रविवारी फोन करते आणि मी जेवलो का ते विचारते. मी तिला मायन्याची सगळी कहाणी सांगितली. महामहीम, माननीय, ताई, कार्ड, सरबत. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुमचं मायन्यापाशी नाही अडलेलं."

"मग?"

"पुढच्या ओळीपाशी अडलंय." आणि तिने विचारलं, "कोटाचं बटण लावलंत का? मागच्या वेळेस लोंबत होतं." मी म्हटलं, लावतो. हिचा सुईदोऱ्याचा डबा कपाटात वरच्या खणात होता. तिथपर्यंत माझा हात पोचतो, पण गेला नव्हता.

आता वार्ताहर. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. पंधरा वर्षं ते आपल्या वर्तमानपत्रासाठी अध्यक्षांच्या मागे हिंडतायत, अगदी त्या साध्या मंत्री होत्या तेव्हापासून. माझ्या मायन्याला लागणारं सगळं ज्ञान दहा पावलांवर होतं, आणि मी त्यांच्यापासूनच पत्राचं कारण लपवत होतो. कारण ते पेपरवाले. अध्यक्षांची जुनी शिंपीण मैत्रीण वारली, ही बातमी त्यांच्यासाठी काय असेल, ते मला कळत होतं. पण चार मजले चढून आलेला सरकारी माणूस कुणाच्या नजरेतून सुटतो? ते सरळ आत आले.

"काका, मला का नाही सांगितलंत?"

"छापाल म्हणून."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "माझा लग्नाचा कोट काकूंनी इथेच शिवलाय. अजून होतो मला." मी मान खाली घातली. मग त्यांनीच विषय सोडला, आणि मला जे सांगितलं ते जावकांच्या सगळ्या नोकरीत त्यांना कळलेलं नव्हतं.

"हे बघा, पत्रकार परिषदेत आमचे पत्रकार उभे राहतात, आपलं नाव, पेपरचं नाव सांगतात, 'अध्यक्ष महोदया' म्हणतात आणि प्रश्न विचारतात. गाडीकडे जाताना पायऱ्यांवर तेच लोक 'मॅडम, मॅडम, इकडे!' असं ओरडतात. आमचा एक नवा पोरगा घाबरून त्यांना चुकून 'आई' म्हणून बसला. हॉलभर हशा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'जेवलास का? मग विचार.' तो पोरगा आता संपादक आहे, पण ते अजून सांगतो."

"आणि आतले लोक?"

"मंत्री 'मॅडम' म्हणतात. त्यांचे जुने स्वीय सचिव आहेत, पांढऱ्या मिश्यांचे, ते 'बाई' म्हणतात. आम्ही बाहेर उभं राहून एवढं शिकलोय, की 'महोदया' म्हणत आत जाणारा चांगली बातमी घेऊन जातो. वाईट बातमी द्यायची असली की सचिव आत जातात. 'बाई, तुमचं चुकतंय,' एवढंच म्हणतात. आणि त्या ऐकतात. हे मी स्वतः दारातून ऐकलंय. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला 'चुकतंय' म्हणणारं कुणीतरी जवळ ठेवायचं, आणि त्याने तसं म्हटल्यावर चिडायचं नाही, हे मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही."

मग त्यांनी आवाज खाली केला. सचिवांपाशी एक पातळ वही आहे. त्यात फक्त अकरा हाका लिहिलेल्या आहेत. शाळेतल्या मैत्रिणीने ठेवलेलं नाव, मामाने ठेवलेलं नाव, असं. पाकिटावर त्यातली एखादी हाक असली, की ते पाकीट कुठल्याही विभागात जात नाही, कुणी फोडत नाही. सरळ अध्यक्षांच्या टेबलावर जातं. रोजच्या हजारो पत्रांत कामाची पत्रं ओळखायला माणसं आहेत, पण आपली पत्रं ओळखायला त्यांनी ही वही ठेवली आहे.

"काकू पाकिटावर काय लिहायच्या?" वार्ताहरांनी विचारलं.

मला माहीत होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मग झालं तर! त्या नावाने पाकीट टाका. परवा पोचेल."

मी तेवढंच करायला बसलो. पाकीट घेतलं, त्यावर "धांदल" लिहिलं. आणि मग डोळ्यांसमोर आलं, की हे पाकीट टेबलावर जाईल. त्या ती हाक वाचतील, सगळी कामं बाजूला सारतील, खुर्चीत मागे टेकतील आणि हसत हसत पाकीट फोडतील. हिचं पत्र म्हणून.

मी पाकीट परत ठेवलं. असं कळवण्यापेक्षा पेपरात आलेलं बरं.

वार्ताहरांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आले ते ठरवूनच. पुढच्या गुरुवारी अध्यक्ष आमच्या शहरात नव्या पुलाच्या उद्घाटनाला येणार होत्या. नंतर पत्रकार परिषद. त्यांनी एक पद्धत पाडली आहे: जिथे जातील तिथे पहिल्या रांगेत एक खुर्ची साध्या वाचकाची. शेवटचा प्रश्न त्याचा, आणि जाताना त्या त्याच्याशी हात मिळवतात. वाचक कोण हे शहरातले पेपर पाळीपाळीने ठरवतात. या वेळी पाळी वार्ताहरांच्या पेपरची होती.

"हात मिळवताना दहा सेकंद मिळतात," ते म्हणाले. "हळू आवाजात सांगा. कुणाला ऐकू जाणार नाही."

"तुमचा पेपर?"

"माझ्या पेपरला पुलाची बातमी पुरे."

गुरुवारी सकाळी मी हिने शिवलेला काळा कोट काढला. घालताना मधलं बटण हातातच आलं. डब्यासाठी वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं आणि बटण खिशात टाकलं. जावक दारात उभे होते. "आवक-जावक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "आधी संबोधन, मग विषय." काकूंनी सांगितलं, "ताईच म्हणा."

सभागृहात एका माहिती अधिकाऱ्याने माझी तालीम घेतली. उभं राहायचं. "माननीय अध्यक्ष महोदया" म्हणायचं. लिहून दिलेला प्रश्न वाचायचा: ज्येष्ठ नागरिकांच्या प्रवास सवलतीबद्दल. बसायचं. त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळेस मी इतकं चांगलं म्हटलं की तो म्हणाला, "काका, तुम्ही राजकारणात जायला हवं होतं."

त्या आल्या. केस पांढरे झाले होते. चाल तीच, एक पाऊल आधी आणि बाकीची बाई मागून. प्रश्न सुरू झाले. वार्ताहर म्हणाले होते तसंच सगळं चाललं होतं. माणसं उठत होती, महोदया म्हणत होती, बसत होती. एका प्रश्नाला त्या म्हणाल्या, "ते माझं चुकलं होतं. पुढच्या महिन्यात दुरुस्त होईल." शेजारचा पत्रकार लिहायचं विसरून बघत राहिला. मला अभिमान वाटला. कशाचा, ते सांगता येणार नाही. आमच्या जिन्यातून गेल्या होत्या, एवढंच.

तेवढ्यात माहिती अधिकारी वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "काका, उशीर झालाय. हात मिळवणं रद्द. तुमचा प्रश्न झाला की मॅडम थेट निघतील."

आणि माझ्या हातात माइक दिला.

मी उभा राहिलो. दहा सेकंद गेले. समोर कॅमेरे, मागे शंभर माणसं. या माइकवर ते सांगितलं तर उद्या प्रत्येक पेपरात. नाही सांगितलं तर त्या निघाल्या. हातातला कागद मला दिसेना. माननीय, महामहीम, महोदया, सगळे मायने एकदम तोंडाशी आले आणि एकही बाहेर पडेना. आणि मग जिन्यात उभं राहून वर बघितल्यासारखी माझी मान आपोआप वर झाली.

"वकीलबाई," मी म्हणालो, "पाणी आलं का?"

माहिती अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला.

फाइल मिटता मिटता त्या थांबल्या. चष्मा काढला. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि म्हणाल्या, "आलंय. पण धार करंगळीएवढी."

शंभर पेनं एकदम चालू झाली.

त्या मात्र व्यासपीठावरून उतरून माझ्याकडे यायला लागल्या. चेहऱ्यावर हसू होतं, आणि नजर माझ्या मागे, शेजारच्या खुर्च्यांवर. कुणाला शोधत होत्या ते मला कळत होतं. चार पावलांवर आल्या आणि त्यांची नजर माझ्या कोटावर आली. मधल्या बटणाच्या जागी नुसता दोरा होता.

हसू गेलं. त्या ज्या घरातून रोज बटण लावून घेऊन निघायच्या, त्या घरातला माणूस बिनबटणाचा कोट घालून चारचौघांत आला होता. वकिलाला आणखी पुरावा लागत नाही.

त्यांनी मागे न बघता हात केला. माहिती अधिकाऱ्याने दोन मिनिटांत सभागृह रिकामं केलं. वार्ताहर शेवटी बाहेर गेले आणि दारात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पंधरा वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी त्यांच्या पाठीमागे घडत होती, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

"कधी, भाऊजी?" वकीलबाईंनी विचारलं.

तीन वर्षं एका इमारतीत राहिलो, पण त्यांनी मला कधी भाऊजी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. नंतर लक्षात आलं, हिला लिहिलेल्या पत्रांत म्हणत असतील.

"बावीस तारखेला," मी म्हणालो, "सकाळी. ती गेली. मी स्वतः कळवायचं असं सांगून गेली. उशीर झाला." एवढी चार वाक्यं. एवढं मोठ्याने मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीलासुद्धा इस्पितळातल्या नर्सने सांगितलं होतं.

त्या व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. मीही बसलो. पांढऱ्या मिश्यांचे सचिव लांब उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "बाई, विमान."

"थांबेल," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बटण हरवलंत का?"

मी खिशातून काढून दाखवलं.

"सचिव, सुईदोरा."

देशाच्या अध्यक्षांच्या ताफ्यात डॉक्टर असतो, रक्ताच्या बाटल्या असतात, पण सुईदोरा शोधायला सहा माणसं धावली. शेवटी सुरक्षा दलातल्या एका बाईंच्या पिशवीत सापडला. मी पायरीवर उभा, आणि त्या बटण लावतायत. लावता येत नव्हतं त्यांना. आयुष्यभर दुसऱ्याने लावून दिलेलं. दोनदा बोटाला टोचलं. बोलत मात्र होत्या. हिने मागच्या वर्षी काय लिहिलं होतं, माझ्या पायाच्या दुखण्याबद्दल काय लिहिलं होतं, टीव्हीवरच्या कॉलरबद्दल काय लिहिलं होतं. मग दोरा दाताने तोडला.

काळ्या कोटावर पांढरा दोरा. हिने बघितलं असतं तर उसवून पुन्हा लावलं असतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

निघताना सचिवांनी हळूच विचारलं, "बाई, वहीतलं ते नाव..."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "काढायचं नाही." आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, वाढदिवसाला पत्र येऊ द्या. तुम्हाला जमेल त्या हाकेने."

दुसऱ्या दिवशी पेपरांत पुलाची बातमी आतल्या पानावर गेली. पहिल्या पानावर होतं, 'साध्या वाचकाचा अध्यक्षांना पाण्यावर थेट सवाल' आणि 'धार करंगळीएवढी: अध्यक्षांची स्पष्ट कबुली'. अग्रलेखात म्हटलं होतं की इतका नेमका प्रश्न अलीकडे कुणी विचारला नाही. वार्ताहरांच्या पेपरात पहिल्या पानावर फक्त पूल होता. संपादकाने त्यांना झापलं, असं काकूंना जिन्यात ऐकू आलं. वार्ताहरांनी मला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीचा पाण्याचा दाब मात्र वाढला. माझ्या खात्याची इभ्रत मी निवृत्त झाल्यावर अकरा वर्षांनी राखली गेली.

वाढदिवसाचं पत्र मी लिहिलं. हिच्याच पॅडवर. मायना "वकीलबाई," असा आहे. त्याखाली पान भरलं. कुंड्यांना पालवी फुटलीय, हेही लिहिलं. पाकिटावर काय लिहायचं यात एक दुपार गेली. शेवटी "वकीलबाई (धांदल)" असं लिहिलं. चालेल ना, असं जावकांना विचारलं. ते म्हणाले, कंसात आहे, म्हणजे चालेल.

त्याच दुपारी तो विसरलेला फॉर्म भरायचा होता. स्मरणपत्र आलं होतं. "तक्रारीचे निवारण झाले का? होय / नाही. जे लागू नाही ते खोडावे." मी पेन घेतलं. मग "होय" खोडलं आणि "नाही"च्या पुढे थोडी जागा होती तिथे लिहिलं: "पण ऐकून घेतली."

जावकांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या हातातलं लाल पेन वर गेलं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि परत खिशात गेलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कागद दुरुस्त न करता जावक केला.